काचेतला घरजावई

आमच्या वन्सं माणूस दाराबाहेर उभा असतानाच ओळखतात. नावागावाने नाही हो. घेणारा आहे, नुसता बघणारा आहे, की बायकोने आत ढकलला आहे, एवढंच. मी त्या कपबशांच्या दुकानात इतकी वर्षं काढली, पण मला काही ते जमलं नाही. मला सगळी माणसं सारखीच दिसतात. पायाला धूळ घेऊन आत येतात, आणि मी नुकतीच फरशी पुसलेली असते.

आधीच सांगते, म्हणजे पुढे घोटाळा नको. वन्सं म्हणजे माझी नणंद, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. दुकान त्यांचं. मी भावजय, आणि त्या दुकानात माझी नेमणूक गिऱ्हाईक म्हणून झाली आहे. हसण्यासारखं काही नाही. वन्सं म्हणतात, "वहिनी, रिकाम्या दुकानात माणूस शिरत नाही. त्याला वाटतं, आत कुणी नाही म्हणजे काहीतरी खोट असणार. एक तरी बाई पाहिजे, हातात वस्तू धरून विचारात पडलेली." ती बाई मी. सकाळी घरचं आवरून येते, पिशवी खांद्याला तशीच ठेवते आणि दाराजवळच्या टेबलापाशी एक पांढरं साखरेचं भांडं हातात घेऊन विचारात पडते. कधी कधी खरोखरच पडते, घरी गॅस बंद केला का म्हणून, आणि त्या दिवशी म्हणे विक्री जास्त होते. एकदा एका बाईने मला ते भांडं इतक्या मायेने न्याहाळताना पाहिलं की तिने ते माझ्या हातातून जवळजवळ ओढून घेतलं. "तुम्ही घेताय का? नाही ना? मग मी घेते." वन्संनी शांतपणे तिला ते बांधून दिलं. दुसऱ्या दिवसापासून मला दुधाचा जग मिळाला. त्या साखरेच्या भांड्याची इतकी सवय झाली होती की मला मनापासून वाईट वाटलं.

हे बाळकडू त्यांना कुणी पाजलं कोण जाणे. सासूबाई तर अगदी भोळ्या. पण आमचे हे सांगतात की लहानपणी त्यांनी स्वतःचीच पेन्सिल या बहिणीकडून विकत घेतली होती, आणि घेतल्यावर आनंदाने घरभर नाचले होते. मी म्हटलं, "अहो, पेन्सिल तुमचीच होती ना?" तर म्हणतात, "हो, पण तिने टोक काय सुंदर काढून दिलं होतं." आजतागायत त्यांना आपण फसलो असं वाटत नाही. अशा माणसाबरोबर मी संसार केला आहे.

आमच्या गल्लीतल्या बाकीच्या दुकानांत पाट्या आहेत, 'हात लावू नये', 'फुटल्यास भरून द्यावे लागेल'. वन्संनी पाटी लावली, 'हात लावा'. आणि खाली बारीक अक्षरात, 'फुटलं तर फुटलं'. समोरचा शिंपी ती वाचून आमच्या ह्यांना म्हणाला, "ताईंना समजवा, दिवाळं निघेल." समजावणार कोण, पेन्सिल विकत घेणारे? पाटी राहिली. आणि गंमत अशी की मोकळीक दिली की माणूस तान्हं मूल धरावं तसा कप धरतो. वन्सं कप हातात देतात आणि आपले दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहतात. परत मागायचा नाही, घ्यायला हात पुढे करायचा नाही. "धरू दे जरा," म्हणतात. "थोडा वेळ धरला की तो त्याचा होतो. मग परत ठेवताना आपलीच वस्तू इथे सोडून चाललोय असं वाटायला लागतं." आणि कधी फुटलाच तर वन्सं अशा काही गोड आवाजात "असू दे हो, कप आहे, फुटायचाच" म्हणतात आणि स्वतः केरसुणी घेऊन वाकतात, की फोडणारा मेल्याहून मेल्यासारखा होतो. काहीतरी घेतल्याशिवाय पायरी उतरत नाही. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते मी रोज डोळ्यांनी बघते.

मला हे सगळं निमूट पटत असे असं समजू नका. एकदा मी हौसेने जगांचे सगळे रंग टेबलावर मांडले. इंद्रधनुष्यच. दिवसभर बायका आल्या, "अय्या, किती रंग" म्हणाल्या, आणि "ह्यांना विचारून येते" म्हणून गेल्या. कुणाच्या ह्यांना काय कळतंय रंगातलं? संध्याकाळी वन्संनी दोनच रंग ठेवले आणि बाकीचे माळ्यावर टाकले. ते दोन्ही बघता बघता संपले. "दोनातला एक निवडता येतो, वहिनी. दहांतून एक निवडायचा म्हणजे नऊ सोडायचे, आणि सोडणं माणसाच्या जिवावर येतं." मला राग आला. त्यांचं बरोबर निघालं की मला नेहमीच येतो.

आणि या बाईला नवरा मिळाला तो असा. आमचे दाजी. दाजींना विकता येत नसे, एवढंच असतं तरी चाललं असतं. पण होत आलेली विक्री त्यांनी तोंड उघडलं की मोडायची. गिऱ्हाईक पाकीट काढतंय, आणि दाजी म्हणणार, "हा नका घेऊ, याचा काठ ओठाला बोचतो." गिऱ्हाईक पाकीट खिशात घालून निघून जाणार, आणि दाजी समाधानाने वन्संकडे बघणार, एका जिवाला वाचवलं म्हणून. शेवटी शेवटी गिऱ्हाईक येताना दिसलं की वन्सं त्यांना माळ्यावर काहीतरी शोधायला पाठवायच्या. काय शोधायचं ते वन्सं सांगत नसत आणि दाजी विचारत नसत.

माल आणायला वन्संच जायच्या. फक्त एकदा त्या तापाने पडल्या होत्या, तेव्हा दाजी एकटे गेले, आणि नेहमीच्या मालाबरोबर एक चहाचा सेट आपल्या मनाने घेऊन आले.

काय सांगू तो सेट. शेवाळासारखा हिरवा. कप म्हणावेत तर वाडगे, बशा खोलगट, आणि किटलीचं पोट असं सुटलेलं की तिला बसायला सांगावंसं वाटावं. सगळी गल्ली बघायला आली. शेजारचा घड्याळवाला डोळ्याला लावलेलं भिंग न काढताच म्हणाला, "दाजी, यात चहा प्यायचा की रोपं लावायची?" दाजींनी तो सेट काचेच्या कपाटात, रस्त्यावरून दिसेल अशा जागी, ऐन मध्यावर मांडला आणि स्वतःच त्याला भाव लावला. साधाच, चार जणांना परवडेल असा. वन्संनी तापातून उठून तो पाहिला आणि डोक्याला हात लावला. "तुम्हाला आवडला म्हणून जगाला आवडेल का? दुकान आपल्या आवडीवर चालत नाही, येणाऱ्याच्या आवडीवर चालतं." दाजी म्हणाले, "येईल कोणीतरी." कोणी आलं नाही. महिने गेले, वर्षं गेली. शेवटी शिंप्याने त्याचं नाव ठेवलं, घरजावई. आला तो आला, आता जायचं नाव नाही. रोज सकाळी दुकान उघडताना समोरून हाक यायची, "काय दाजी, जावईबापू काय म्हणतात?" दाजी सगळ्यांबरोबर हसायचे. मग उगाच फडकं घेऊन ती काच पुसत बसायचे. ती काही मळलेली नसायची.

मग एका थंडीत दाजी गेले. छातीत दुखतंय म्हणाले, आणि डॉक्टर यायच्या आत गेले.

वन्संनी पुन्हा दुकान उघडलं त्याच आठवड्यातली गोष्ट. एक नवं जोडपं आलं. मुलगी हिंडत हिंडत काचेपाशी थांबली आणि हिरव्या सेटकडे बोट दाखवून म्हणाली, "हा केवढ्याला?" इतक्या वर्षांत त्या सेटचा भाव कुणी विचारला नव्हता. वन्संचा चेहरा उतरला. आणि मग त्यांनी जो भाव सांगितला, तो ऐकून माझ्या हातातला जग सुटायचाच राहिला. दाजींच्या भावाच्या कितीतरी पट. मुलाने घाईघाईने बायकोचा हात धरला. तेवढ्यात तिची नजर शेजारच्या निळ्या फुलांच्या सेटवर गेली. तो एरवी महाग महाग म्हणून कुणी घेत नसे. "आणि हा?" वन्संनी खरा भाव सांगितला. "एवढाच?" मुलगा म्हणाला. दोघं तो निळा सेट घेऊन गेली, आणि जाताना चेहऱ्यावर असा आनंद, जणू वन्संनीच त्यांना पैसे दिले.

वन्संनी तो चढा भाव लेबलावर लिहून हिरव्या सेटला लावला, आणि त्या महिन्यात निळ्या फुलांचे सेट धडाधड गेले. जो येई तो आधी हिरव्याचा भाव वाचून दचके आणि मग निळा स्वस्त समजून उचले. गल्लीत बोभाटा झाला. "बाईचं डोकं बघा," शिंपी म्हणाला. "घरजावयालासुद्धा कामाला लावलं." पण एका दुपारी शटर अर्धं ओढून आम्ही डबा खात होतो, तेव्हा मी विचारलंच. "वन्सं, खरं सांगा, डोकं चालवलंत की जीभ घसरली?"

त्यांनी हातातला घास खाली ठेवला. "मला तो द्यायचा नव्हता, वहिनी. त्यांचे कपडे वाटून टाकले. चष्मा कुठे गेला कळत नाही. त्यांनी आपल्या मनाने आणलेली एवढी एकच वस्तू आहे. ती गेली की ते गेले."

मी म्हटलं, "मग घरी नेऊन ठेवा ना. दुकानात कशाला जिवाला घोर?"

"घरी नेला तर गल्ली काय म्हणेल? शेवटपर्यंत खपला नाहीच, बायकोने उचलून नेला. नाही. काचेतच राहील. भाव असा ठेवायचा की कुणी विचारणार नाही."

आता बघा, जी बाई जगाच्या हावेची नाडी ओळखते, तिने ही चूक करावी. भाव चढवला की माणूस लांब पळतो, असं तिला वाटलं. माणूस पळतो, पण दहा पावलं जाऊन वळून बघतो. एवढा महाग आहे म्हणजे त्यात काहीतरी असणारच. आधी ज्याला शेवाळ म्हणत, त्याला आता लोक पाचूचा रंग म्हणायला लागले. कुणी म्हणालं, मातीत सोन्याचा कस आहे. कुणी म्हणालं, कुठल्याशा राजवाड्यातून आलाय. वन्संच्या तोंडून एक शब्द नाही, पण न बोलल्यामुळे तर जास्तच खरं वाटे. कुणी काचेपाशी जास्त वेळ रेंगाळलं की वन्सं घाबरून भाव चढवायच्या, आणि भाव चढला की दुसऱ्या दिवशी आणखी दोघं रेंगाळायची. घड्याळवाला तर आपल्या गिऱ्हाइकांना बाहेर आणून दाखवू लागला, "तो बघा," म्हणून. ज्याने रोपं लावायला सांगितली होती, तोच. मी एकदा वैतागून म्हटलं, "वन्सं, भाव उतरवा. स्वस्त केलात तर कुणी ढुंकून बघणार नाही." त्या म्हणाल्या, "कळतंय मला. पण उतरवला आणि कुणी घेतलाच तर?" दोन्हीकडून दगडाखाली हात.

अशात तो माणूस आला.

आला म्हणजे आधी बरेच दिवस नुसता बाहेर उभा राहायचा. दणकट, कपड्यांना तेलाचे डाग, वळणावरच्या गॅरेजचा मालक. काचेपाशी यायचा, वाकून बघायचा, मान हलवायचा आणि निघून जायचा. मी वन्संना विचारलं, "हा कोणातला, घेणारा की नुसता बघणारा?" वन्सं बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. "कळत नाही," म्हणाल्या. "भावाकडे बघतच नाही हो हा." त्यांच्या तोंडून 'कळत नाही' मी पहिल्यांदा ऐकलं, आणि मला जरा बरंही वाटलं.

एका सकाळी तो पायपुसण्यावर पाय नीट पुसून आत आला. ज्याने पाय पुसले, तो माणूस मला तिथेच आवडला.

"ताई, तो हिरवा सेट दाखवा."

वन्सं जागच्या हलल्या नाहीत. "तो महाग आहे."

"भाव वाचलाय मी."

"ते जुनं लेबल आहे. आता वाढलाय."

"वाढणारच. सगळंच वाढलंय."

मग जे सुरू झालं ते मी जन्मात पाहिलं नव्हतं. वन्सं माल विकू नये म्हणून भांडत होत्या. म्हणाल्या, रंग डाग धरतो. तो म्हणाला, गॅरेजवाल्याला डाग सांगता? म्हणाल्या, कप फार जड आहेत. तो म्हणाला, बरं झालं, हलके कप माझ्या हातात टिकत नाहीत. म्हणाल्या, पद्धत जुनी झाली. तो म्हणाला, मीही झालोय. मग वन्संनी निळ्या फुलांचा सेट उचलून त्याच्यापुढे ठेवला, हा बघा, सगळे हाच नेतात. त्याने त्याच्याकडे असं बघितलं जसं मी दुसऱ्याच्या घरच्या पसाऱ्याकडे बघते. दर वाक्याला त्याचं मन आणखी पक्कं होत होतं. दुकानदारच नको म्हणतोय म्हणजे वस्तू खरी, एवढं तर मलाही कळलं असतं. वन्संना कळत नसेल? पण त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि जीभ थांबत नव्हती.

शेवटी तो म्हणाला, "ताई, देऊ नका. पण एकदा हातात तरी द्या. बाहेर तुमचीच पाटी आहे."

वन्संनी कपाट उघडलं. कप काढला आणि त्याच्या हातात दिला. हात पाठीमागे बांधले नाहीत, त्याच्या हाताखालीच ओंजळ धरून उभ्या राहिल्या.

त्याने कप उलटा करून बघितला नाही, वाजवून बघितला नाही. कपाच्या कानात बोट घातलं. त्याचं बोट म्हणजे काय सांगू, माझ्या मनगटाएवढं. ते बोट कानातून आरपार गेलं. त्याने कप उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला, आणि लहान मुलासारखा हसला.

"गेलं," म्हणाला. "ताई, बोट गेलं बघा. कुठल्याच कपात जात नाही हो. घरी सगळी कपात पितात, मला स्टीलचा पेला. तो पोळतो, म्हणून रुमालात धरायचा. घरी चालतं. पण मुलगी दिली तिकडे गेलो, तर त्यांनी एवढासा नाजूक कप पुढे केला. चिमटीत धरून सांडला असता, तर मुलीच्या सासरी शोभा झाली असती. मी म्हटलं, मी चहा घेत नाही. आता दर वेळी तिथे जाऊन कोरडा बसतो. आणि मला चहा म्हणजे जीव की प्राण." त्याने पुन्हा बोट घालून पाहिलं. "येत्या महिन्यात ती मंडळी आमच्याकडे यायची आहेत. म्हटलं, एकदा आपल्या घरी सगळ्यांबरोबर कपात प्यावा."

वन्सं काउंटरला धरून उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं, आणि त्यांना काय आठवतंय ते मला कळलं. कारण ते मलाही आठवत होतं. सेट आणला त्या दिवशी सगळी गल्ली हसत होती, तेव्हा दाजींनी आपलं बोट त्या कपाच्या कानात घालून दाखवलं होतं. दाजीही असेच, बोटं केळ्यासारखी. म्हणाले होते, "जाड बोटांच्या माणसांनी काय पाप केलंय? त्यांनी कपात चहा प्यायचा नाही?" आणि वन्संनी फटकन उत्तर दिलं होतं, "जाड बोटांचे पुरुष कप विकत घ्यायला येत नाहीत. त्यांच्या बायका येतात, आणि बायकांना नाजूक आवडतो." वन्संचं बरोबरच होतं. सगळे हसले होते. मीही हसले होते.

वन्संनी काउंटरमागून कागद काढला. "न्या," म्हणाल्या.

"भाव सांगा. वाढलेला."

वन्संनी भाव सांगितला. तो दाजींनी लावलेला होता, पहिल्या दिवशीचा.

माणसाने चटकन कप खाली ठेवला. "एवढा कमी? का हो, तडा गेलाय का कुठे?" आणि आता मात्र तो एकेक कप उजेडात धरून, नखाने वाजवून बघायला लागला. मघाशी चढा भाव ऐकून ज्याने पापणी हलवली नाही, तो उतरलेल्या भावाने धास्तावला. किटलीच्या पोटावरसुद्धा कान ठेवून ऐकलं त्याने.

"तडा नाही हो," वन्सं म्हणाल्या. "भाव हाच होता. मध्ये मी चढवून ठेवला, कुणी नेऊ नये म्हणून."

"मग आता?"

"आता तुम्ही न्यायचा आहे."

तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मी हातातला जग खाली ठेवला. "घ्या हो पटकन," मी म्हटलं. "बाईंचा काही नेम नाही, परत चढवतील."

वन्संनी सेट स्वतः बांधला. मला हात लावू दिला नाही. एकेक कप कागदात गुंडाळताना त्या इतक्या हळू गुंडाळत होत्या की मला वाटलं, आता म्हणतील, नको, राहू दे. पण तसं म्हणाल्या नाहीत. खोक्याला दोरी बांधली, गाठ ओढली आणि खोकं त्याच्याकडे सरकवलं. तो खोकं पोटाशी धरून पायऱ्या उतरला.

काचेच्या कपाटात मधोमध मोकळी जागा दिसत होती. मी वन्संच्या जवळ गेले. वाटलं, आता या खाली बसणार, रडणार, पाणी आणावं लागणार. म्हटलं, "वन्सं, बसा जरा."

"बसायला वेळ नाही," त्या म्हणाल्या, आणि चपला न घालताच दुकानाबाहेर पडल्या.

माल आणायला जाणं सोडलं तर धंद्याच्या वेळेत वन्सं दुकान सोडून कधी पायरी उतरत नाहीत. सख्ख्या भावाच्या, म्हणजे आमच्या ह्यांच्या, आजारपणातही उतरल्या नव्हत्या. त्या दिवशी रस्ता ओलांडून सरळ शिंप्याच्या दारात गेल्या. मी दारातून बघत होते, आणि त्यांचा आवाज गल्लीभर ऐकू येत होता.

"घरजावई गेला."

शिंप्याच्या हातातली कात्री थांबली. "अरे अरे. फुटला?"

"विकला गेला."

घड्याळवाला भिंग कपाळावर चढवून बाहेर आला. "काय सांगता? केवढ्याला गेला?" सगळ्यांनाच तो वरचा, आभाळाएवढा आकडा ऐकायचा होता. पानवाला टपरीतून वाकला होता.

"आमच्या ह्यांनी लावला होता तेवढ्यालाच," वन्सं म्हणाल्या, आणि मग त्यांचा आवाज भरून आला. पण त्या थांबल्या नाहीत, गल्लीला ऐकू जाईल अशाच बोलल्या. "ह्यांनी बरोबर आणला होता. जाड बोटांचा माणूस आला, कानात बोट घातलं आणि घेऊन गेला. मी चुकले होते, तुम्हीही चुकला होतात. ह्यांनी बरोबर आणला होता."

शिंप्याने मान खाली घातली. वन्संनी पदराने डोळे पुसले आणि त्या पुढच्या दुकानात शिरल्या. आमची गल्ली लांब आहे. त्या दुपारी त्यांनी एकही दुकान सोडलं नाही.